पाळण्यात दिसलेले म्हातारपण

१९०५ साली इंग्लंडमधल्या हार्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या परिचारिकेची नेमणूक झाली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. चिंता होती ती सैनिकांची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी भरती सुरू झाली आणि रांगेत उभे राहिलेले कित्येक तरुण वैद्यकीय तपासणीतच बाद ठरले. कोणाची छाती अरुंद, कोणाचे दात किडलेले, कोणाचे पाय फेंगडे. जगभर राज्य करणाऱ्या सत्तेला बंदूक पेलणारे खांदे मिळेनात. सरकार हादरले, चौकशी समिती बसली आणि खापर फुटले ते बाळंतपणाच्या व बालसंगोपनाच्या अनास्थेवर.

बर्नसाइडबाईंकडे काम आले ते परगण्यातल्या सुईणींना शिस्त लावण्याचे. त्यांनी परिचारिकांची एक फौजच उभी केली. या बायका सायकलवर टांग टाकून खेडोपाडी जात, नवजात बाळाला तराजूत घालत आणि वजन वहीत टिपत. त्यानंतर वर्षभर त्या घरी त्यांच्या खेपा चालू राहत. बाळ अंगावर पिते की बाटलीने, दात किती आले, वर्षाचे झाल्यावर वजन किती भरले, हे सारे त्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवीत. १९११ पासून ह्या मोठाल्या खतावण्या भरत गेल्या. दोन महायुद्धे आली आणि गेली, तरी लिहिणे थांबले नाही. १९४८ मध्ये ब्रिटनची नवी आरोग्यव्यवस्था आली, नोंदींची पद्धत बदलली आणि खतावण्या फडताळात गेल्या. त्या कशासाठी लिहिल्या होत्या हेही हळूहळू लोक विसरले.

त्यानंतर जवळजवळ चार दशके लोटली. साउथॅम्प्टन विद्यापीठातले डॉ. डेव्हिड बार्कर यांना एका नकाशाने पछाडले होते. हृदयविकार हा सुबत्तेचा रोग, हे तेव्हाचे सर्वमान्य सूत्र होते. लोणी, मांस, सिगारेटी, बसून राहणे. मग इंग्लंड आणि वेल्समधल्या सर्वांत दरिद्री भागांत हृदयविकाराने सर्वाधिक माणसे का मरावीत? बार्कर आणि त्यांचे संख्याशास्त्रज्ञ सहकारी क्लाइव्ह ऑस्मंड यांनी दोन नकाशे शेजारी ठेवले. एकात १९६८ ते १९७८ या काळातले हृदयविकाराचे मृत्यू होते, दुसऱ्यात १९२१ ते १९२५ मधले बालमृत्यू. दोन्ही नकाशांवरचे काळे डाग एकाच जागी पडत होते. जिथे पन्नास वर्षांपूर्वी तान्ही बाळे दगावली होती, तिथेच आता प्रौढ माणसे छातीवर हात ठेवून कोसळत होती. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला आणि बार्करांवर टीकेची झोड उठली. टीकाकार म्हणाले की गरिबी तेव्हाही होती आणि आताही आहे, त्यात नवल ते काय? त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. नकाशा प्रदेशाबद्दल बोलतो, माणसाबद्दल बोलत नाही. एकेका माणसाचे जन्मवजन आणि त्याच माणसाचा मृत्यू यांची गाठ घालून दाखवल्याशिवाय कोणी ऐकणार नव्हते.

पण अर्ध्या शतकापूर्वीची बाळांची वजने कोण जपून ठेवणार? बार्करांच्या गटाने देशभर शोध आरंभला. अभिलेखागारे झाली, माळे झाले, गॅरेजे, बॉयलरच्या खोल्या, पाणी शिरलेली तळघरेही धुंडाळून झाली. बहुतेक ठिकाणी मिळाल्या त्या तुटपुंज्या नोंदी. आणि मग हार्टफर्डशरमध्ये त्या खतावण्या समोर आल्या. नाव, पत्ता, जन्माचे वजन, वर्षाचे वजन. ओळीमागून ओळी, पानांमागून पाने. सायकलवरच्या त्या परिचारिकांनी नकळत जगातला एक अपूर्व खजिना पुरून ठेवला होता.

त्यातूनही खरी किचकट कामगिरी पुढेच होती. ही बाळे पुढे गेली कुठे? लग्नानंतर आडनाव बदलत असल्यामुळे मुलींचा माग लागणे अवघड होते, म्हणून आरंभी पुरुषांचाच पाठपुरावा झाला. १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांची नावे राष्ट्रीय नोंदवहीशी ताडून पाहण्यात आली. १९८९ मध्ये आकडे हाती आले. देशाची सरासरी १०० धरली, तर वर्षाच्या वयात १८ पौंड किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंचा निर्देशांक १११ होता. २७ पौंड किंवा त्याहून अधिक भरलेल्यांमध्ये तो होता अवघा ४२. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही आपली म्हण गुणांबद्दल आहे. इथे पाळण्यातल्या वजनात साठाव्या वर्षीचे हृदय दिसत होते.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, बॉस्टनमध्ये, म्हातारपणाबद्दलच्या दुसऱ्या एका ठाम समजुतीला सुरुंग लागत होता. नव्वदीत गेलेल्या माणसाचे स्नायू झडणारच, त्याला आता जपायचे, उचलायचे, बसवायचे, एवढेच आपल्या हाती, असे डॉक्टरही मानत. डॉ. मारिया फियाटारोन यांनी हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर या वृद्धांच्या संस्थेतले ८६ ते ९६ वर्षांचे दहा रहिवासी निवडले आणि त्यांच्या पायांना वजने लावून व्यायाम करवून घेतला. तोही हळुवार नव्हे, चांगला दमछाक करणारा. हाडे मोडतील, हृदय बंद पडेल, ही भीती रास्तच होती. आठ आठवड्यांनंतर ज्या नऊ जणांनी व्यायाम पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. दोघांनी काठी टाकून दिली. १९९० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा माणसांचा तो लहानसा प्रयोग होता, पण चार वर्षांनी त्याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर तो पुन्हा करून दाखवला. नव्वदीतला स्नायू मेलेला नसतो. त्याला काम दिले की तो उत्तर देतो.

इकडे हार्टफर्डशरमधली बाळे आता साठी-सत्तरीला पोहोचली होती. डॉ. अव्हान सेयर आणि त्यांच्या साउथॅम्प्टनच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. ही माणसे कशाने मरतात हे कळले, पण जिवंत असलेली माणसे म्हातारी कशी होतात? ६४ ते ७४ वयाच्या ७१७ स्त्री-पुरुषांना त्यांनी शोधून काढले. त्यांच्या डोळ्यांतली मोतीबिंदूची छटा तपासली, कान तपासले, त्वचेची जाडी मोजली आणि हातात एक यंत्र देऊन मूठ जोरात आवळायला सांगितली. मुठीची ताकद मोजणारे हे यंत्र दिसायला क्षुल्लक असते, पण सबंध शरीराच्या स्नायूंचा हिशेब ते एका आकड्यात सांगते. १९९८ मध्ये निकाल जाहीर झाला. वर्षाच्या वयात ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्या डोळ्यांची भिंगे अधिक गढूळ झाली होती, कान अधिक मंदावले होते, त्वचा अधिक पातळ होती आणि मूठ अधिक ढिली पडली होती. सत्तर वर्षांपूर्वी कोणा अनाम परिचारिकेने वहीत लिहिलेला आकडा आणि आज मुठीत सापडलेला आकडा एकमेकांना ओळख देत होते. वय सर्वांचे साधारण सारखे होते, पण म्हातारपण सारखे नव्हते.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. लिंडा फ्रीड यांनी म्हातारपणातल्या जर्जरतेला काटेकोर कसोट्या लावून दिल्या. पासष्ट वर्षांवरच्या ५,३१७ माणसांच्या अभ्यासातून त्यांनी पाच खुणा निवडल्या : न ठरवता घटलेले वजन, सततचा थकवा, ढिली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक दिसल्या तर ती व्यक्ती जर्जर समजावी. अशा व्यक्ती पडतात अधिक, रुग्णालयात जातात अधिक आणि लवकर मरतात. जर्जरता आता घरच्यांच्या सुस्काऱ्यातून उठून तपासणीच्या कागदावर आली. पाचांपैकी बहुतेक खुणा स्नायूंशी निगडित होत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. कारण कथा आता पुण्याकडे वळते आणि पुण्यातही खरी गोम स्नायूंतच सापडणार होती.

पुण्याच्या रास्ता पेठेत के. ई. एम. रुग्णालय आहे. डॉ. बानू कोयाजींनी घडवलेली ही संस्था. शहराइतकीच खेड्यांत काम करण्याची तिची परंपरा. तिथल्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक, ऑक्सफर्डमधले प्रशिक्षण आटोपून आलेले, रोज एक कोडे पाहत होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला मधुमेही उतारवयातला आणि लठ्ठ होता. बाकावर बसलेला पुण्याचा मधुमेही त्याहून बराच तरुण आणि अंगाने किरकोळ. पोट मात्र किंचित सुटलेले. पुस्तक चुकत होते की रोगी?

नव्वदच्या दशकाच्या आरंभी बार्करांचा विचार पुण्यात पोहोचला. साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलीन फॉल आणि याज्ञिक यांची जोडी जमली. पहिली चाचपणी झाली ती के. ई. एम. मध्येच जन्मलेल्या चार वर्षांच्या ३७९ मुलांवर. मुलांना ग्लुकोजचे पाणी पाजून रक्त तपासले. कमी वजनाने जन्मलेल्या मुलांची साखर चौथ्या वर्षीच इतरांपेक्षा अधिक चढत होती. हार्टफर्डशरमध्ये ज्याला साठ वर्षे लागली, त्याची चाहूल पुण्यात चौथ्याच वर्षी लागली.

मग १९९३ मध्ये सुरू झाला तो अभ्यास, ज्याला ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ म्हणतात. बार्करांना जुन्या वह्या सापडल्या होत्या; इथे वह्या नव्याने लिहायच्या होत्या आणि त्याही बाळ पोटात येण्याच्या आधीपासून. पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरची सहा अवर्षणप्रवण गावे निवडली. तिथल्या २,४६६ विवाहित स्त्रियांची वजने आणि उंची मोजून ठेवली. मग क्षेत्रकार्यकर्त्या महिन्यामागून महिने प्रत्येक घरी जाऊन पाळीची तारीख विचारू लागल्या. सासूच्या देखत सुनेला पाळीची तारीख विचारायची, तीही दर महिन्याला, या कामाला किती धीर आणि किती गोड जीभ लागते, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. एखादीची पाळी चुकली की सोनोग्राफी, मग आहाराची नोंद, रक्ताचा नमुना आणि दिवसभरच्या कामाची मोजदाद. बर्नसाइडबाईंच्या परिचारिका सायकलवर होत्या, या बायका एस.टी. आणि पायवाटांवर. विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांत मांडणाऱ्यांची नावे राहतात. माझ्या मते या शोधकथेचे अर्धे श्रेय वजनकाटा खांद्याला लावून उंबरठे झिजवणाऱ्या या बायकांचे आहे.

त्या स्त्रियांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन होते ४१.७ किलो. त्यांच्यापैकी ७९७ जणींना दिवस गेले. त्या दिवसाला सुमारे १,८०० उष्मांकांचा आहार घेत होत्या आणि शेतातले, घरातले, विहिरीवरचे काम सोडत नव्हत्या. आहाराचा अभ्यास आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांच्याकडे होता. अपेक्षा सरळ होती : जी अधिक खाईल, अधिक प्रथिने घेईल, तिचे बाळ मोठे होईल. आकडे आले आणि अपेक्षा आडवी झाली. उष्मांक आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी मेळ बसेना. वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली की काय, असे वाटावे असा तो क्षण. पण आहाराच्या तक्त्यांत पदार्थ वेगवेगळे करून पाहिले तेव्हा एक अनपेक्षित धागा हाती आला. ज्या बायका गरोदरपणात दूध आणि हिरव्या पालेभाज्या अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे मोठी होती. अंगमेहनतीच्या नोंदींतून दुसरी गोष्ट निघाली : पाणी आणण्यासारखी जड कामे ज्यांच्या वाट्याला अधिक, त्यांची बाळे लहान. भाकरी किती यापेक्षा भाकरीसोबत काय आणि डोक्यावर काय, हे प्रश्न मोठे ठरले.

१९९४ ते १९९६ दरम्यान बाळे जन्मली. प्रसूती कुठेही होवो, ७२ तासांच्या आत कार्यकर्ती तिथे पोहोचत असे. सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. एवढ्यात नवीन काहीच नव्हते. भारतीय बाळे लहान असतात हे साऱ्या जगाला ठाऊक होते. पण या बायकांनी वजनावर न थांबता बाळाचे डोके, दंड आणि पोट यांचा घेर घेतला, लांबी घेतली आणि चिमट्यासारख्या कॅलिपरने पाठीवरच्या त्वचेची घडीही मोजली. चरबीचा अंदाज घेण्याची ती साधी रीत. ६३१ भारतीय बाळांचे आकडे ३३८ इंग्लिश बाळांच्या आकड्यांशेजारी मांडले आणि सारे चकित झाले. पुण्याचे बाळ सगळ्याच बाबतींत सारखे लहान नव्हते. पोटाचा घेर, म्हणजे यकृतासारखी इंद्रिये, फारच लहान. दंड, म्हणजे स्नायू, बारीक. पण पाठीवरची चरबी? ती जवळजवळ इंग्लिश बाळाइतकी. उपासमारीत वाढणाऱ्या त्या जिवाने स्नायू आणि इंद्रिये यांचा बळी देऊन मेंदू आणि चरबी राखली होती. दिसायला हडकुळे, आतून चरबीचे. रास्ता पेठेतल्या बाकावर बसलेल्या त्या किरकोळ अंगाच्या मधुमेह्याचे कोडे पाळण्यातच उलगडत होते. २००३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि ‘थिन-फॅट’ भारतीय हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला.

पुढच्याच वर्षी याज्ञिकांनी स्वतःलाच पुरावा म्हणून उभे केले. त्यांचे लंडनमधले स्नेही डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक नेमका सारखा : २२.३. दोघांच्या शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये झळकले. सोबत अशी मिश्किल नोंदही होती की युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरती. विद्वानांच्या जगात स्वतःच्या चरबीचा आकडा छापणारे थोडेच.

तरीही एक गाठ सुटत नव्हती. पालेभाजीत असे काय होते? पालेभाजी म्हणजे फोलेट, आणि फोलेट कमी पडले तर रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साठते. नॉर्वेच्या डॉ. हेल्गा रेफ्सम यांच्यासोबत पुण्यातल्या २०४ माणसांचे रक्त तपासले गेले. होमोसिस्टीन बहुतेकांचे चढलेले होते. मग फोलेट कमी असणार, हे उघडच. पण फोलेट मुबलक निघाले! आणखी खोलात गेल्यावर खरा गुन्हेगार सापडला, तो होता जीवनसत्त्व बी-१२ चा अभाव. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता सर्वांचे लक्ष गेले ते शीतपेट्यांकडे. सहा गावांतल्या गरोदर मातांचे रक्त तिथे वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेले होते. ते नमुने बाहेर निघाले. दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. फोलेट कमी असलेली माता निघाली अवघी एक. ज्या कमतरतेकडे दशकानुदशके कोणाचे लक्ष गेले नव्हते, ती घराघरांत बसलेली होती. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दुधात, अंड्यांत, मासळीत, मटणात मिळते. गर्भारपणातले दूध बाळाला का मानवत होते, याचाही उलगडा यात थोडाफार झाला. २००८ मध्ये पुढचा धागा जोडला गेला. सहा वर्षांची झालेली ती मुले तपासली तेव्हा, ज्यांच्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या शरीरात इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. याचा अर्थ फोलिक ॲसिडच्या गोळ्या टाकून द्याव्यात असा नव्हे. त्या गोळ्यांनी असंख्य बाळे वाचवली आहेत. अर्थ एवढाच की नुसत्या एका गोळीने पोषण होत नाही.

आणि बी-१२ चा प्रश्न मातांपुरता नाही. हे जीवनसत्त्व कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, चाल अडखळते, विसर पडू लागतो. म्हाताऱ्या माणसात नेमकी हीच लक्षणे दिसली की घरचे म्हणतात, वय झाले. उतारवयात पोटातले आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-१२ अंगी लागणेही कमी होते. आयुष्यभर दुधाच्या चहावर आणि वरणभातावर काढलेल्या आजीच्या जर्जरतेत वयाचा वाटा किती आणि या साध्या कमतरतेचा किती, हे रक्त तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

शोधकथेत अपयशेही लिहिली पाहिजेत. २०१२ मध्ये सहा गावांच्या त्याच अभ्यासातल्या किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. हीच मुले पुढे आईबाप होतील आणि त्यांची बाळे धडधाकट जन्मतील, अशी आशा होती. बाळांच्या जन्मवजनात मात्र अपेक्षेइतका फरक दिसला नाही. आकलनाच्या चाचण्यांत काही चांगली चिन्हे दिसली. हे निकाल हाती येण्याआधी, मूळ अभ्यासातली मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा, आणखी एक धक्का बसला होता. अजून मिसरूडही न फुटलेली, सडपातळ, शेतकऱ्यांची पोरे. त्यांतल्या ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची रक्तशर्करा ठरीव मर्यादेपलीकडे होती.

पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुळशीत, या संशोधनाचे दोन्ही चेहरे एका तालुक्यात भेटतात. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत तिशीतले अभियंते संगणकासमोर बसतात; त्यांतल्या कित्येकांच्या आज्या अशाच कोणत्या ना कोणत्या खेड्यात पाण्याचे हंडे वाहत होत्या. आणि वर ताम्हिणीच्या बाजूला, १९२१ मध्ये ज्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला त्याच्या काठच्या वाड्यांवर, तरुण शहराकडे उतरून गेल्यामुळे म्हातारी माणसेच उरलेली दिसतात. लवळ्याच्या टेकडीवर आता मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय उभे आहे. मुठीची ताकद मोजणारे यंत्र आणि वजनकाटा घेऊन तिथल्या विद्यार्थिनी या वाड्यांवर गेल्या, तर त्यांना बर्नसाइडबाईंपेक्षा कमी काही सापडणार नाही.

देशपातळीवर ही मोजणी सुरू झालेली आहे. मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था भारतातल्या ज्येष्ठांचा जो दीर्घकालीन अभ्यास करते, त्याच्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची पाहणी झाली. दारोदार जाऊन माणसांच्या मुठी, चाल, तोल, वजन सारे नोंदले गेले. पण यांतल्या बहुतेकांचे जन्माच्या वेळचे वजन कोणी लिहून ठेवले नव्हते. आज सत्तरीत असलेल्या बहुतेक भारतीयांचा पाळणा आपल्याला कधीच दिसणार नाही.

याला एक अपवाद ठरतील ती पुणे अभ्यासातली सहा गावे. तिथली बहुतेक सारी मुले अजूनही अभ्यासात आहेत. कोणी नोकरीला लागले, कोणी नांदायला गेले, तरी बोलावणे आले की तपासणीला येतात. त्यांच्या आयांचे गरोदरपणाआधीचे वजन, पोटात असताना आईने खाल्लेली पालेभाजी, नाळेतले रक्त, जन्मदिवशीची पाठीवरची त्वचेची घडी, सारे लिहिलेले आहे. स्नायूंची तूट घेऊन जन्मलेला माणूस म्हातारपणी किती लवकर खचतो आणि व्यायामाने, आहाराने ती तूट किती भरून निघते, याचे भारतीय उत्तर याच नोंदींतून मिळू शकते. डेव्हिड बार्कर २०१३ मध्ये निवर्तले. हार्टफर्डशरच्या वह्या बोलत्या व्हायला पाऊणशे वर्षे लागली होती. पुण्याच्या वहीतले पहिले बाळ १९९४ मध्ये जन्मले. ते साठ वर्षांचे होईल २०५४ मध्ये.